बटणाचा हुंकार

आमच्या लहानपणी गोष्ट सांगणाऱ्याची एक अट असे. ऐकणाऱ्याने हुंकार दिलाच पाहिजे. दिवाळीच्या आधी चार दिवस आजी रात्री करंज्यांना मुरड घालीत बसे, आम्ही पाचसहा पोरे तिच्याभोवती कोंडाळे करीत असू, आणि गोष्टीतला राजपुत्र घोड्यावर मांड टाकतो न टाकतो तोच आजी थांबे. "हं म्हणा रे कुणीतरी!" कुणीतरी पेंगुळल्या आवाजात 'हं' म्हणे आणि घोडा पुढे चाले. झोपलेल्या पोरांना गोष्ट सांगण्यात काय हशील, असा तिचा रोकडा हिशेब होता. पण त्याहून मोठी गंमत पुढे असे. एखादा लबाड पोरगा अर्धवट झोपेतच 'हं, हं' करीत राही. आजी मध्येच विचारी, "सांग बरं, राजपुत्र कुठवर आला?" आणि मग त्या खोट्या हुंकाराची चांगलीच शोभा होई!

हा हुंकार मला गेल्या वर्षी फार निराळ्या ठिकाणी आठवला. ती हकीकत आधी सांगतो.

मी कृष्णाकाठच्या एका गावात शाळेत चित्रकला शिकवतो. माझे शिक्षण दहावीचे (आमचे वडील तिला अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत) आणि वर चित्रकलेची पदविका. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. संगणकाशी माझा परिचय बेताचाच. परंतु हल्ली शाळेतले कुठलेही काम फोनावाचून पुरे होत नाही. आठवीतल्या एका मुलीचा परीक्षेचा अर्ज भरावयाचा होता. मुदतीचा शेवटचा दिवस, संध्याकाळची वेळ. तिचे वडील उसाच्या फडातून तसेच, पायाच्या चिखलानिशी, शाळेत आलेले. फोन माझा. सगळे रकाने भरून झाले आणि शेवटी फी भरून अर्ज पाठविण्याचे बटण आले. मी म्हटले, "दाब बाळ, अर्ज तुझा आहे."

तिने दाबले. बटण होते तसेच राहिले. ना त्याचा रंग बदलला, ना एक अक्षर हलले. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "लागलं नसेल नीट. पुन्हा दाब." तिने पुन्हा, अंमळ जोराने, दाबले. तरीही स्क्रीन आपली मख्ख! थोड्या वेळाने बँकेचे संदेश आले, एकापाठोपाठ एक असे दोन. फी दोनदा कापली गेली होती, आणि अर्जापुढे शब्द होता 'अपूर्ण'.

मुलीचे वडील माझी समजूत घालू लागले. "गुरुजी, पोरीचंच काय तरी चुकलं असंल. तिला कुठलं येतंय त्यातलं!"

पुढे दोन खेपा घातल्या, लेखी विनंती केली, अर्ज दाखल झाला, जादा पैसेही परत आले. नुकसान म्हणावे तर काहीच झाले नाही. पण त्यानंतर शाळेत कधीही फोनावर काही करावयाचे झाले की ती मुलगी दोन पावले मागे सरे आणि म्हणे, "गुरुजी, तुम्हीच दाबा." हे तिचे वाक्य माझ्या मनात काट्यासारखे रुतून बसले. चुकले होते यंत्राचे; त्याने हुंकार दिला नव्हता. दोष मात्र त्या पोरीने आपल्या बोटावर घेतला.

दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी पुण्याहून घरी आला. मोबाइलची ॲप तयार करणे हाच त्याचा व्यवसाय. त्याच्यापुढे मी हे गाऱ्हाणे मांडले. तो हसून म्हणाला, "गुरुजी, बटण दाबल्यावर स्क्रीनवर काय बदलायचं, एवढ्या एका गोष्टीपायी आमचं निम्मं आयुष्य जातं." मग तो दोन दिवस मला दाखवीत राहिला, मी विचारीत राहिलो, आणि नंतर महिनोन्महिने मिळेल ते वाचीत राहिलो. त्यातून जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवतो.

आरंभ खऱ्या बटणापासून करू. दाराच्या विजेच्या घंटीचे बटण पाहा. ते दाबले की आत दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात, प्रवाह वाहू लागतो आणि घंटा वाजते. बोट, तार आणि घंटा ह्यांचे नाते सरळ असते. १८८८ साली अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन ह्याने 'कोडॅक' कॅमेरा विकावयास काढला, तेव्हा त्याची जाहिरात अशी होती की तुम्ही बटण दाबा, बाकीचे आम्ही पाहून घेतो. शंभर छायाचित्रे मावतील एवढी फीत त्यात भरलेली असे. ती संपली की सबंध कॅमेराच कारखान्याकडे धाडावयाचा. बटण दाबणारा आणि काम करणारा ह्यांची फारकत तेव्हापासूनच लोकांच्या अंगवळणी पडू लागली. तरीही कॅमेऱ्याची 'टक्' ऐकू येई, आणि दाबणाऱ्याचे समाधान होई. खऱ्या बटणाला हुंकार उपजतच असतो.

फोनाच्या काचेवर असले काहीच नाही. तेथे आहे ते बटणाचे चित्र. वरच्या कडेला थोडा उजेड, खालच्या कडेला थोडी छाया दिली की सपाट पृष्ठभागावर उठाव भासतो, ही तर आमच्या चित्रकलेच्या तासाची पहिली युक्ती! चित्रातला आंबा खाता येत नाही. मग चित्रातले बटण दाबता कसे येते? ह्याचे उत्तर शोधण्यात कित्येक माणसांची बुद्धी खर्ची पडली आहे.

त्यांतला पहिला मान मी आयव्हन सदरलंड ह्या तरुणाला देईन. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील 'एमआयटी' ह्या संस्थेत त्याने 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम सिद्ध केला. त्या काळी संगणकाशी बोलावयाचे ते बहुधा छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या भाषेत. आज कार्डे द्यावीत, उत्तर केव्हा तरी सवडीने मिळावे! सदरलंडने हातात प्रकाशलेखणी घेतली, बाजूला बटणांची एक पेटी ठेवली, आणि लेखणी काचेला टेकवून बटण दाबताच त्या जागी रेघ उमटू लागली. आणखी एक करामत त्यात होती. एकाच मूळ आकृतीच्या पुष्कळ प्रती स्क्रीनवर मांडता येत. मूळ आकृती बदलली की साऱ्या प्रती आपोआप बदलत. ही करामत वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

दोनच वर्षांनी, १९६५ साली, इंग्लंडात माल्व्हर्न येथील सरकारी रडार-संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन ह्यांनी लेखणीही बाजूला सारली आणि नुसत्या बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या स्क्रीनविषयीचा लेख प्रसिद्ध केला. विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या माणसांचे काम सोपे व्हावे, हा हेतू. माणसाच्या बोटात विजेचा अंश सामावण्याचा गुण असतो. बोट टेकले की त्या जागचा विद्युद्भार किंचित बदलतो आणि यंत्राला जागा कळते. आज आपल्या खिशातल्या फोनाची काच ह्याच तत्त्वावर चालते. जाड हातमोजे घालून फोन चालत नाही आणि ओल्या हाताने तो भलतेसलते ऐकतो, त्याचे कारण हेच.

१९६८ हे ह्या इतिहासातले मोठे साल. त्या वर्षी रॉबर्ट मिलर ह्यांनी एक निबंध वाचला. माणूस आणि यंत्र ह्यांच्या संभाषणात उत्तराला किती उशीर चालेल, हा त्याचा विषय. त्यांचे म्हणणे असे की कळ दाबल्याची पोच सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास मिळावयास हवी. त्यापलीकडे माणसाला 'मी केले आणि झाले' असे वाटेनासे होते. वाचकहो, आजीचा नियम ह्यापेक्षा वेगळा होता काय? काम पुरे व्हावयास वेळ लागला तरी चालेल. 'ऐकले' एवढे मात्र ताबडतोब सांगा.

त्याच वर्षी, ९ डिसेंबरला, सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट ह्यांनी सुमारे हजार जाणकारांपुढे दीड तासाचा एक प्रयोग केला. त्यांच्या हाताखाली 'माउस' नावाची छोटी डबी होती. तिचा पहिला नमुना त्यांचे सहकारी बिल इंग्लिश ह्यांनी चार वर्षांपूर्वी लाकडाचा करविला होता आणि त्याला एकच बटण होते. मुख्य संगणक तीसएक मैलांवर मेन्लो पार्क येथे; आणि इकडे सभागृहात बटण दाबताच भल्या मोठ्या पडद्यावर शब्द सरकत होते, याद्या उघडत होत्या, मिटत होत्या. पाहणाऱ्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

हुंकार मिळू लागला खरा. पण तो देणार कोण, आणि कशाच्या आधारावर? ह्या प्रश्नाचे उत्तर एका नॉर्वेजियन गृहस्थाने दिले. ट्रिग्व्हे रेन्सकाउग हे त्यांचे नाव. मायदेशी जहाजबांधणीसाठी प्रोग्रॅम लिहिण्यात त्यांनी उमेद घालविली होती. १९७८–७९ च्या सुमारास ते कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत पाहुणे म्हणून गेले. ह्याच शाळेत १९७३ साली 'आल्टो' नावाचा, स्क्रीनवर चित्रे काढणारा आणि माउसने चालणारा संगणक तयार झाला होता. रेन्सकाउग ह्यांनी १९७९ साली काही टिपणे लिहून ठेवली. त्यांचा आशय मी माझ्या भाषेत सांगतो.

शाळेतला हजेरीचा व्यवहार पाहा. हजेरीपत्रक ही एक वस्तू. फळ्याच्या कोपऱ्यात 'हजर ३८' असे लिहिलेले असते, ती दुसरी. आणि उशिरा आलेल्या मुलाची वर्दी आत आणणारा वर्गाचा मॉनिटर हा तिसरा. मॉनिटरने थेट फळ्यावरचा आकडा पुसून ३९ करावा काय? मुळीच नाही. त्याने वर्दी द्यावी, गुरुजींनी पत्रकात नोंद करावी, आणि पत्रक पाहून फळा लिहावा. फळा कुणी पुसला तरी पत्रक शाबूत राहते आणि आकडा पुन्हा मांडता येतो. रेन्सकाउग ह्यांनी पत्रकाला 'मॉडेल', फळ्याला 'व्ह्यू' आणि मॉनिटरला 'कंट्रोलर' अशी नावे दिली. गोष्ट एवढीशी, परंतु त्यानंतर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर पोसल्या आहेत.

२४ जानेवारी १९८४ रोजी ॲपल कंपनीचा 'मॅकिंटॉश' बाजारात आला आणि चित्रातले बटण घरोघरी जाऊ लागले. त्यात बटणावर माउस दाबून धरला की ते काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे असे उलटे होई. हा पहिला हुंकार. परंतु काम तेव्हाच घडत नसे. बोट उचलले म्हणजे घडे. आणि दाबून धरलेला माउस बटणाबाहेर सरकवून सोडला तर काहीच घडत नसे. फेरविचाराला जागा ठेवलेली! आपल्या फोनातही बहुतेक बटणांची हीच रीत आहे. एखादे भलते बटण दाबले गेले तर बोट न उचलता बाजूला सरकवून पाहावे. माणसाचा हात चुकतो, हे गृहीत धरून कुणीतरी ही सवलत ठेविली, ह्याचे मला फार कौतुक वाटते.

येथवरची कथा आनंदाची झाली. आता दिवाळीच्या अंकात सांगू नये अशी, पण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही अशी, एक हकीकत सांगतो.

कर्करोगावर किरणांचे उपचार करणारे 'थेरॅक-२५' नावाचे यंत्र कॅनडात तयार होत असे. मार्च १९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास प्रांतात टायलर ह्या गावच्या रुग्णालयात एका रुग्णाला त्यावर आणले. यंत्र चालविणाऱ्या बाई कामात तरबेज. किरणांचा प्रकार सांगणारे एक अक्षर त्यांच्या हातून चुकीचे पडले. त्यांच्या ध्यानात ते लगेच आले. त्या वर गेल्या, अक्षर दुरुस्त केले, झरझर खाली आल्या. स्क्रीनवर दुरुस्त अक्षर दिसत होते, सारे तयार असल्याचेही दिसत होते. परंतु आत यंत्राची मांडामांड व्हावयास सुमारे आठ सेकंद लागत, आणि तेवढ्या अवधीत केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या ध्यानातच येत नसे. फळ्यावर आकडा बदलला होता. पत्रक जुनेच होते. बाईंनी कळ दाबली. यंत्र थबकले आणि 'बिघाड ५४' अशी ओळ उमटली. तिचा उलगडा त्यांच्याजवळच्या पुस्तकात नव्हता. असल्या ओळी नेहमीच उमटत. त्यांनी पुढे चालण्याची कळ दाबली. त्या रुग्णाला लागोपाठ दोनदा किरणांचा भयंकर भडिमार सोसावा लागला. पाच महिन्यांनी तो गेला. पुढच्याच महिन्यात त्याच ठिकाणी तसाच दुसरा अपघात झाला. १९८५ ते १९८७ ह्या काळात ह्या यंत्राच्या अशा सहा अपघातांची नोंद आहे.

ह्यातली एक गोष्ट मला विशेष वाटते. दोष कुठे आहे हे आधी कुणाला सापडेना. शेवटी त्या रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने त्याच बाईंना पुढ्यात बसविले, आणि त्या दिवशी बोटे कोणत्या क्रमाने, किती वेगाने फिरली होती ते पुन्हापुन्हा करून पाहिले, तेव्हा 'बिघाड ५४' हुकमी उमटू लागला. आपले काहीतरी चुकले असेल, असे म्हणून त्या बाई गप्प बसल्या नाहीत, म्हणून यंत्राची चूक उजेडात आली.

आमच्या मुलीच्या फोनाने हुंकार दिला नाही. टेक्सासच्या यंत्राने खोटा दिला. दोन्हीही वाईट, पण खोटा अधिक वाईट, हे आजीने आम्हाला शिकविलेच होते.

पुढे १९८८ साली 'नेक्स्ट' नावाचा संगणक निघाला. त्यासाठी झाँ-मारी ह्युलो ह्या फ्रेंच गृहस्थाने एक साधन तयार केले. त्यात बटण चित्रासारखे मांडावयाचे, आणि माउसने त्या बटणापासून ज्याने काम करावयाचे त्या घटकापर्यंत सरळ एक रेघ ओढावयाची. दाराच्या घंटीची जी तार चित्रातल्या बटणात हरवली होती, ती ह्या रेघेच्या रूपाने परत आली. पुढे ॲपलने नेक्स्ट विकत घेतली, आणि तिचा वारसा फोनात उतरला.

फोनाचे म्हणाल तर स्पर्शाने चालणारा, ॲपसारखे छोटे प्रोग्रॅम असलेला फोन आयबीएमने १९९४ सालीच विकला होता. 'सायमन' त्याचे नाव, आणि वजन सुमारे अर्धा किलो! परंतु साऱ्या जगाचे बोट काचेवर आले ते २००७ च्या जूनमध्ये आयफोन विक्रीला आल्यावर. पाठोपाठ २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला. आमच्या गावात घरोघरी आज आहेत ते बहुतेक त्याच कुळातले.

आता माझ्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काय दाखविले ते सांगतो. त्याने फोनावर दोनच वस्तू मांडल्या. वर एक शून्य, खाली 'वाढवा' असे बटण. "गुरुजी, ह्या बटणाला आपण एक नाव द्यायचं. मग त्या नावाने त्याला हाक मारायची, आणि त्याच्याजवळ एक 'लिसनर' बसवायचा."

"म्हणजे श्रोताच की!" मी म्हटले.

"हो, श्रोताच. तो नुसता कान देऊन बसतो. बोट टेकून उचललं की फोन त्याला सांगतो. मग तो संख्येत एक मिळवतो आणि वरच्या पाटीला म्हणतो, आता हा आकडा दाखव."

मी बटण दाबले. शून्याचा एक झाला. पुन्हा दाबले, दोन. सातापर्यंत गेलो. पाऊण आयुष्य मुलांना आकडे गिरवायला लावणारा मी, पण त्या सातावर लहान मुलासारखा खूश झालो. तेवढ्यात त्याने फोन माझ्या हातातून घेऊन आडवा केला. सातच्या जागी शून्य!

"हे काय रे?"

"फोन आडवा केला की अँड्रॉइड ती सबंध स्क्रीन मोडून नव्याने मांडतो. मी आकडा स्क्रीनबरोबरच ठेवला होता. मुद्दामच! नवशिका हमखास हीच चूक करतो." मग त्याने तो आकडा स्क्रीनपासून वेगळा, फिरवाफिरवीतही टिकेल अशा जागी ठेवला. फोन आडवा केला, उभा केला. सात तो सातच. रेन्सकाउग ह्यांचे हजेरीपत्रक चाळीस वर्षांनंतर माझ्या तळहातावर उघडलेले मी पाहिले.

"मग आमच्या अर्जाचं काय झालं असेल?" मी मूळ दुखण्यावर आलो.

त्याने समजावून सांगितले ते असे. ॲपची स्क्रीन रंगविणारा आणि बोटाचे ऐकणारा कारकून एकच असतो. त्याला 'मेन थ्रेड' म्हणतात. पुष्कळ फोनांत तो सेकंदाला साठ वेळा स्क्रीन नव्याने रंगवितो. म्हणजे एका चित्राला सोळा-सतरा सहस्रांश सेकंद. अशा कारकुनालाच दूरच्या संगणकाकडे निरोप देऊन उत्तराची वाट पाहात उभे केले, तर इकडे खिडकी ओस पडते. लोक बटणे दाबतात, पण त्यांचे ऐकणार कोण? पाच सेकंद असे गेले तर अँड्रॉइड स्वतःच 'ॲप प्रतिसाद देत नाही' अशा अर्थाची पाटी लावतो. म्हणून दूरची कामे दुसऱ्या हरकाम्याकडे सोपवावीत, असा नियम.

"तुमच्या ॲपात नेमकं काय होतं, ते आत पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही," तो म्हणाला. "पण करायला काय हवं होतं, ते सांगतो. पहिल्यांदा दाबताच बटण निष्क्रिय करायचं आणि त्यावर 'पाठवत आहे' असं लिहायचं. पलीकडून खरी पोच आली तरच 'पाठवला' म्हणायचं. नाही आली तर 'पोचला नाही, पैसे कापले असल्यास पुन्हा भरू नका' असं स्पष्ट सांगायचं. आणि त्यातूनही कुणी दोनदा दाबलंच, तर दोन्ही निरोपांवर एकच खूण असावी, म्हणजे पलीकडचा संगणक दुसरा निरोप ओळखून बाजूला ठेवील."

"एवढंच?"

"एवढंच. फार तर दोन तासांचं काम."

दोन तासांचे काम! आणि त्याच्यापायी एका मुलीने आपल्या बोटाचा भरवसा गमावला.

हे काम करताना मोठमोठ्यांचीही तारांबळ उडालेली आहे. फेसबुकवर एकेकाळी असे होई की नवा संदेश आल्याचा लाल आकडा दिसावा, आणि उघडून पाहावे तो काहीच नाही. दुरुस्त करावा, पुन्हा उपटावा! तेथील अभियंत्यांनीच २०१४ साली जाहीर व्याख्यानात हे सांगितले. कारण तेच: एकाच गोष्टीचे आकडे निरनिराळ्या पाट्यांवर निरनिराळ्या हातांनी बदलले जात. त्यांच्याकडून २०१३ साली खुले झालेले 'रिॲक्ट', गूगलचे २०१८ च्या अखेरीस पक्क्या रूपात आलेले 'फ्लटर', ॲपलचे २०१९ चे 'स्विफ्टयूआय', अँड्रॉइडचे २०२१ चे 'जेटपॅक कंपोज' ह्या साऱ्यांचा उपदेश आता एकच आहे. पाट्या पुसत बसू नका. पत्रक तेवढे खरे ठेवा आणि पत्रकावरून चित्र नव्याने उमटू द्या. मूळ आकृती बदलली की साऱ्या प्रती बदलणारे सदरलंडचे १९६३ चे स्केचपॅड आठवते ना?

आमच्या आठवड्याच्या बाजारात भाजीवाल्या मावशींना ह्यातले एकही नाव ठाऊक नाही. गिऱ्हाईक फोन पुढे करून हिरवी खूण दाखविते; मावशी तिकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांचा कान गाड्यावरच्या लहानशा पेटीकडे असतो. ती पैसे जमा झाल्याचे मराठीत बोलली की मगच मेथीची जुडी पिशवीत पडते. "चित्र काय, कुणीबी दाखवील," त्या मला म्हणाल्या. हुंकार कुणाचा मानावा आणि कुणाचा मानू नये, हे त्यांना बरोबर कळते.

विद्यार्थी पुण्याला परतण्यापूर्वी मी त्याच्याकडून एक काम करवून घेतले. चित्रकलेच्या स्पर्धेसाठी मुलांची नावे घेण्याचे एक लहानसे ॲप. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा मी त्या मुलीला बोलाविले. ती नेहमीप्रमाणे मागे सरली. "गुरुजी, तुम्हीच..."

"मी नाही दाबणार," मी म्हटले. "आणि नीट ऐक. त्या दिवशी तुझं बोट चुकलं नव्हतं. त्यानं 'हं' म्हटलं नाही, ही त्याची चूक होती. आपण दाबल्यावर त्यानं उत्तर दिलंच पाहिजे. नाही दिलं, तर पुन्हा दाबायचं नाही. मला येऊन सांगायचं."

तिने जरा विचार केला. मग फोन हातात घेतला, आपले नाव लिहिले आणि बोट टेकवून उचलले. बटण तत्क्षणी फिके झाले, त्यावर 'पाठवत आहे' अशी अक्षरे आली. आमच्या गावची रेंज ती. चांगले सातआठ सेकंद गेले. मी तिच्या बोटाकडे पाहात होतो. ते पुन्हा काचेकडे गेले नाही. मग 'नाव पोचले' असे शब्द उमटले, आणि वरचा आकडा शून्याचा एक झाला.

"हं!" ती म्हणाली, आणि फोन शेजारच्या मुलीकडे देऊन तिला कसे दाबायचे ते दाखवू लागली.